बामाच्या दोन बाटल्या

आत्यांना बामाचं व्यसन आहे, असं मी पुण्याला माहेरी सांगून ठेवलं होतं आणि त्यावर आम्ही भरपूर हसलो होतो. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अनुरागच्या आत्या, अहिल्या भोईटे. त्यांनी लग्न केलं नाही. साताऱ्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आल्या, अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाल्या, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा दिल्लीतच द्वारकेला आमच्याकडे राहायला आल्या. सोबत कडक इस्त्रीच्या साड्या आणि बामाच्या छोट्या हिरव्या काचेच्या बाटल्या. एक पर्समध्ये, एक उशाखाली, एक बाथरूमच्या फळीवर. त्यांच्या खोलीत शिरलं की वास थेट मेंदूत जायचा. डोकं दुखतं म्हणायच्या. माझं डोकं त्यांच्यामुळे दुखायचं, पण मला कोणी बाम देत नव्हतं.

त्या रिटायर झाल्या तरी त्यांच्यातली अधिकारी रिटायर झाली नव्हती. सोसायटीत आल्या आल्या त्यांनी तंबाखूविरुद्ध मोहीम उघडली. गेटवरच्या गार्डची खैनी बंद, माळ्याची विडी बंद, पार्किंगमधल्या ड्रायव्हरांच्या गुटख्याच्या पुड्या बंद. प्रत्येक लिफ्टमध्ये त्यांनी लिहिलेलं पोस्टर लागलं. पंधरा ऑगस्ट असो की होळी, माइक हातात आला की आत्यांचं भाषण ठरलेलं. मुलांच्या क्लबसाठी त्यांनी एक नियमही करून घेतला होता. कोणत्याही मुलाकडे तंबाखू सापडला, तर त्याचं नाव सगळ्यांसमोर माइकवर वाचायचं आणि वर्षभर त्याला क्लबमधून बाहेर ठेवायचं. मागच्या वर्षी आमच्याच टॉवरमधल्या सरलाजींच्या मुलाच्या, यशोधनच्या खिशात एक पुडी सापडली. आत्यांनी स्वतः त्याचं नाव वाचलं, फ्लॅट नंबरसकट. तेव्हापासून तो मुलगा खाली खेळायला उतरत नाही आणि सरलाजी लिफ्टमध्ये आत्या दिसल्या की जिन्याने जातात.

मी हे मनातल्या मनात बरोबर म्हटलं होतं. मुलं अशाने सुधारतात, असं अनुरागला सांगितलंही होतं. ते पोर दुसऱ्याचं होतं.

या नोव्हेंबरात क्लबने लाकडी गाड्यांची रेस ठेवली. हाताच्या तळव्यात मावेल एवढी गाडी. मोटर नाही, सेल नाही, काही नाही. उतरत्या लाकडी ट्रॅकवरून सोडायची, जिची चाकं हलकी फिरतील ती पुढे. अपूर्वा, माझी बारा वर्षांची मुलगी, महिनाभर दुसरं काही बोलली नाही. वर्गात ती कशात पुढे नसते. आहे तशी चांगली आहे, पण बक्षीस घ्यायला तिचं नाव कधी कोणी पुकारलेलं नाही. यावेळी पुकारतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिने गाडीवर निळा रंग दिला, पोटात वजनासाठी शिसं बसवलं आणि मग चाकांच्या मागे लागली.

चाकांचे आस म्हणजे चार खिळे. ते रेगमारने, म्हणजे आपल्या पॉलिश पेपरने, इतके घासायचे की बोटाला कुठे खरखर लागता कामा नये. मग धुवायचे, कोरडे करायचे आणि मग वंगण. मी कपाटातून शिलाई मशीनचं तेल काढून दिलं तर माझ्यावरच ओरडली.

"मम्मा, ऑइल बिल्कुल नाही चालत. ऑइलवर डस्ट चिपकते. ड्राय पावडर पाहिजे. ग्रॅफाइट."

ती पावडर आम्ही करोल बागेत गाड्यांच्या पार्टच्या दुकानातून आणली. कुलपात घालतात तीच. काळी, अतिशय बारीक, आणि बोटाला लागली की रेशमी. अपूर्वा रंगाच्या ब्रशने ती चाकाच्या भोकात चिमटीभर सोडायची, चाक फिरवायची, फुंकर मारायची, परत सोडायची. चाक फिरतच राहायचं. ते बघताना तिचं तोंड उघडं पडायचं. मला कौतुक होतं, पण सोफ्याच्या कव्हरवर काळी बोटं उमटली त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तिला सामानासकट हॉलमधून हाकललं.

आत्या म्हणाल्या, "माझ्या बाथरूममध्ये कर गं. फळीवर जागा आहे."

मी चाट पडले, कारण त्या बाथरूममध्ये मोलकरणीलाही आत्यांना विचारल्याशिवाय जाता येत नव्हतं. वर आत्यांनी पावडर ठेवायला तिला आपली एक रिकामी बाटली धुऊन दिली.

"ही घे. झाकण घट्ट बसतं. सांडायची नाही."

रेसच्या दिवशी सकाळी हवा अशी होती की समोरचा टॉवर दिसत नव्हता. घरात सगळ्यांची नाकं बंद, घसे खवखवत होते. रेस सोसायटीच्या हॉलमध्ये होती, तरी सगळ्यांनी मास्क लावून यावं असा मेसेज आला. अपूर्वा उठल्या उठल्या आत्यांच्या बाथरूममध्ये गेली, चाकांना शेवटची पावडर घातली, बाटली आपल्या खोक्यात टाकली आणि गाडी जमा करायला पळाली. एकदा गाडी जमा केली की तिला हात लावायचा नाही, असा नियम होता.

आत्या त्यानंतर बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा मास्क लावलेलाच होता.

"अपूर्वा गेली?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच. का?"

"काही नाही. खोकं घेऊन गेली?"

"हो. चहा टाकू?"

"नको."

आत्या चहाला नको म्हणाल्या, तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. पण अनुराग ऑफिसच्या कामाने बंगळूरला, मला साडी नेसायची, त्यात गॅसवर दूध. मी म्हटलं, हवा खराब आहे, घसा धरला असेल.

हॉल भरला होता. आत्या प्रमुख पाहुण्या, स्टेजवर मधल्या खुर्चीत. बक्षिसं त्यांच्या हस्ते होती. रेस घेत होते क्लबचे सेक्रेटरी जयदीपजी. सरलाजी मागच्या रांगेत होत्या. यशोधन आला नव्हता, त्यांची धाकटी मुलगी रेसमध्ये होती.

अपूर्वाची गाडी दुसऱ्या फेरीत होती. गाड्या अडवणारी फळी खाली पडली, चारही गाड्या सुटल्या. निळी गाडी सुरुवातीला पुढे होती, मी उभीच राहिले. मग ट्रॅकच्या मध्यावर ती हळू झाली. उतार होता, तरी ती हळू झाली, आणि बाकीच्या तिन्ही खाली पोचल्या तेव्हा ती तिथेच थांबली. कोणीतरी हसलं. अपूर्वा हलली नाही.

"अंकल, कुछ गड़बड़ है," ती म्हणाली. "कल तो मक्खन जैसी चल रही थी. मैंने सुबह भी पावडर डाला था."

जयदीपजी भला माणूस. त्यांनी गाडी उचलली, उलटी केली, चाक बोटाने फिरवलं. चाक अडखळलं. आतून काहीतरी भुरभुरलं, तपकिरी-काळं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, चोळलं आणि मास्क खाली करून नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बदलला.

"बेटा, तेरी पावडर कहाँ है?"

अपूर्वाने खोक्यातून हिरवी बाटली काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि स्टेजकडे न बघता हळूच म्हणाले, "ये ग्रेफाइट नहीं है. ये तो तंबाकू है."

हळूच म्हणाले, पण पुढच्या रांगेने ऐकलं, आणि मग मागच्या. मला आधी चक्क हसू आलं. तंबाखू आणि आमची अपूर्वा, जिला कोथिंबिरीचा वास सोसत नाही. मग मी पुढे जाऊन बाटलीत बघितलं. जळक्या तंबाखूचा उग्र भपका बंद नाकातूनही आत गेला.

"कुठून आणलंस हे?" मी विचारलं.

असं विचारलं मी. काय झालं, असं नाही. कुठून आणलंस. ती बाटलीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. माझी जीभ का झडली नाही, असं मला त्या क्षणी वाटलं.

"मेरी ही बॉटल है," ती सगळ्यांना सांगायला लागली. "मैंने खुद भरी थी. ग्रेफाइट ही भरा था. प्रॉमिस."

जितकं सांगत होती तितकी ती अडकत होती. बाटली तिची, भरली तिने, खोकं तिचं. मागून कोणीतरी फोन वर धरला. मी त्या माणसाच्या अंगावरच गेले असते, पण माझा हात अपूर्वाच्या खांद्यावर होता आणि तो काढावासा वाटेना.

जयदीपजी स्टेजजवळ गेले. त्यांच्या हातात माइक होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "रूल आपका ही है. अब बच्ची आपके घर की है. आप बताइए. नाम पढ़ना है?"

मी आत्यांकडे बघितलं. सांगा ना, मी मनात म्हणत होते, नियम मोडा एकदा, तुमच्याच घरची पोर आहे. मागे सरलाजी बसल्या आहेत, हेही मला आठवत होतं. आत्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचे डोळे अपूर्वावर होते. एवढ्या वेळात त्या एकदाही हलल्या नव्हत्या.

मग त्या उठल्या, जयदीपजींच्या हातातून माइक घेतला आणि दुसऱ्या हाताने मास्क काढला.

पहिल्या रांगेतली एक बाई "हाय राम" म्हणाली. आत्यांचे दात काळे होते. नुसते काळे नाहीत, शिसपेन्सिलीच्या टोकासारखे चकाकणारे. हिरड्या काळ्या, ओठांची आतली कड काळी. मी सात जन्म विचार केला असता तरी मला सुचलं नसतं. बघता बघता मात्र एकदम कळलं, की ही अपूर्वाची पावडर आहे.

"बच्ची का नाम मत पढ़िए," आत्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा, मीटिंगमधला. "वो शीशी मेरी है. उसमें मशेरी है. तंबाकू भूनकर पीसते हैं, हमारी तरफ़ औरतें दाँतों पर लगाती हैं. मैं लगाती हूँ. रोज़. जब इस बच्ची जितनी थी, तब से."

त्यांनी पर्स उघडली आणि दुसरी हिरवी बाटली काढली.

"दोनों शीशियाँ एक जैसी हैं. बच्ची को मैंने ही दी थी. सुबह वो मेरी ले गई, और उसकी मैंने लगा ली." मग माइक खाली घेऊन मराठीत म्हणाल्या, "अपूर्वा, ये बाळ. ही तुझी."

अपूर्वा स्टेजजवळ गेली आणि बाटली घेतली. ती आत्यांच्या दातांकडेच बघत होती. आत्यांनी तोंड मिटलं नाही.

"अब नियम के मुताबिक," त्या पुढे म्हणाल्या, "नाम. अहिल्या भोईटे." मग टॉवर सांगितला, फ्लॅटचा नंबर सांगितला, जसा यशोधनचा सांगितला होता तसाच, एकेक शब्द सुटा. "क्लब से बाहर. और सरलाजी, आपके बेटे का नाम मैंने इसी माइक पर पढ़ा था. उस दिन भी शीशी मेरे पर्स में थी."

एवढं म्हणून त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला. मला राग आला होता, भयंकर. वर्षानुवर्षं आम्हाला बाम हुंगायला लावलं या बाईने. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते रागाचं नव्हतं. एवढ्या हॉलमध्ये तोंड उघडून उभं राहायचं मला जमलं नसतं. मी मास्क आणखी वर ओढला असता.

सरलाजी उठल्या. मला वाटलं, आता दार आपटून जातील, आणि गेल्या असत्या तरी त्यांचं बरोबर होतं. त्या पुढे आल्या, जयदीपजींच्या हातातली निळी गाडी घेतली आणि अपूर्वाच्या हातात दिली.

"पहले बच्ची को दोबारा चलाने दो," त्या म्हणाल्या. आत्यांकडे त्यांनी बघितलं नाही.

अपूर्वाने जमिनीवर बसून चाकं काढली, खिळे ओढणीने पुसले, भोकं फुंकून साफ केली आणि आपल्या बाटलीतली पावडर घातली. सगळा हॉल थांबला होता. गाडी सोडली तशी ती सरळ शेवटपर्यंत गेली. त्या फेरीत पहिली आली, पुढच्या फेरीत हरली. तिचं नाव शेवटी कोणी पुकारलं नाही. आत्या तोपर्यंत एकट्याच घरी निघून गेल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या बेसिनपाशी होत्या. ब्रश, मीठ, बेकिंग सोडा, सगळं मांडलं होतं. तोंडातून करडं पाणी पडत होतं आणि दात होते तसेच होते.

"सकाळीच कळलं होतं तुम्हाला?" मी दारातूनच विचारलं. चप्पलही काढली नव्हती.

"लावल्या लावल्या. चव नाही, झणका नाही. आरशात बघितलं तर हे असं."

"आणि तुम्ही मला विचारलंत, खोकं घेऊन गेली का. बस्स. बाटली मागवता आली नाही?"

"काय म्हणून मागवू? बामाची म्हणून?" त्यांनी तोंड पुसलं. "म्हटलं, पावडर आदल्या दिवशीच घालून झाली असेल. नसेल उघडली बाटली. देवाला हात जोडून बसले होते गं स्टेजवर."

"येते कुठून ही मशेरी?"

"गावाहून मेतकूट येतं ना आपल्याला? त्याच डब्यात, तळाशी."

तो डबा मीच उघडायचे. मेतकुटाचं कौतुक करायचे. मला पुन्हा हसू आलं आणि पुन्हा थांबलं.

"आईने लावायला शिकवलं," आत्या म्हणाल्या. "दाढ दुखत होती माझी. दुखायची थांबली. मग ते राहिलंच. ऑफिसात बामाच्या वासाने कोणाला कळायचं नाही. किती वेळा सोडली मी. ज्या दिवशी भाषण असायचं त्या दिवशी तर शपथ घेऊन सोडायची."

अपूर्वा इतका वेळ माझ्या मागे उभी होती. ती पुढे आली. तिला कोणावर रागवायचं सुचलं नव्हतं. तिच्या हातात तिची छोटी टॉर्च होती, चाकाच्या भोकात पावडर नीट बसली का ते बघायची.

"आत्याआजी, असं नाही निघणार. ग्रॅफाइट घासलं तर अजून आत बसतं. आ कर. बघू दे कुठे कुठे गेलंय."

आत्यांनी, का कोण जाणे, खरंच आ केला. अपूर्वाने खिळे तपासायची तसं बारकाईने बघितलं. वरचे दात, खालचे दात. मग बोटाने गाल बाजूला केला.

"इकडे पूर्ण ब्लॅक झालंय," ती म्हणाली. "पण इथे मध्येच नाही लागलं. व्हाइट आहे. असं रफ, रेगमारसारखं."

मी वाकून बघितलं. गालाच्या आत, काळ्या रंगात, नखाएवढा पांढरा चट्टा होता. हॉलमध्ये जे वाटलं होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

"हे तर पोस्टरवर आहे," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता, पाठ असलेलं आठवल्यासारखा. "मुँह में सफ़ेद दाग दिखे तो उसी दिन डॉक्टर को दिखाएँ. उसी दिन. तूच बोलतेस ना दरवेळी माइकवर?"

आत्यांनी तोंड मिटलं. टॉर्च विझवायचं अपूर्वाच्या लक्षात आलं नाही, तो उजेड त्यांच्या हनुवटीवर पडून राहिला.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"पोस्टर लावलं त्याच्या आधीपासून."

"दाखवलात?"

त्यांनी मान हलवली. नाही. एवढी वर्षं त्यांना बघते आहे, त्यांचा आवाज कधी हललेला नव्हता. आता हलला. त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते मयुरा. डॉक्टर विचारेल, बाई, तंबाखू घेता का. मला हो म्हणावं लागेल."

"ते तर म्हणून झालंय आता," मी म्हटलं. "अख्ख्या सोसायटीसमोर."

मी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. अपूर्वाने शू-रॅकमधून आत्यांच्या चपला काढून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. आत्यांनी सवयीने मास्कला हात घातला, मग तो बेसिनवरच राहू दिला आणि लिफ्टकडे चालायला लागल्या.